१९८६ मध्ये चौदा जणांना फाशी सुनावणारा आणि २००१ मध्ये अनिवार्य फाशी घटनाबाह्य ठरवणारा एकच न्यायाधीश : सर डेनिस बायरन

कृष्णाकाठ

सर डेनिस बायरन यांचे नाव आपल्याकडे कायद्याच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही, म्हणून आधी थोडक्यात ओळख करून देतो. सेंट किट्स या चिमुकल्या कॅरिबियन बेटाचे हे सुपुत्र. जन्म १९४३ चा. केंब्रिजला कायदा शिकून १९६५ मध्ये ते बॅरिस्टर झाले, मायदेशी परतून वकिली केली आणि १९८२ मध्ये पूर्व कॅरिबियन बेटांच्या सामायिक उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. पुढे १९९९ मध्ये त्याच न्यायव्यवस्थेचे मुख्य न्यायाधीश, २००४ पासून रवांडातील नरसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात न्यायाधीश, २००७ पासून त्याचे अध्यक्ष आणि अखेर २०११ ते २०१८ कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिसचे अध्यक्ष, असा त्यांचा प्रवास झाला.

मला चर्चा हवी आहे ती या प्रवासातल्या तीन तारखांची.

१९ ऑक्टोबर १९८३ रोजी ग्रेनेडाचे पंतप्रधान मॉरिस बिशप आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना सेंट जॉर्जेस येथील किल्ल्यात गोळ्या घालण्यात आल्या आणि सहा दिवसांनी अमेरिकी फौजा बेटावर उतरल्या. या हत्यांचा खटला १९८६ मध्ये चालला, तेव्हा बायरन ग्रेनेडाचे हंगामी मुख्य न्यायाधीश होते. ज्युरीने डिसेंबरमध्ये निर्णय दिला. अठरा आरोपींपैकी चौदा खुनाचे दोषी, तिघे सदोष मनुष्यवधाचे दोषी, एक निर्दोष. खुनाला कायद्यात एकच शिक्षा होती, ती म्हणजे फाशी, आणि बायरन यांनी चौदा जणांना ती सुनावली.

दुसरी तारीख २ एप्रिल २००१. स्पेन्स आणि ह्यूजेस या अपिलांत त्याच बायरन यांनी मुख्य न्यायाधीश म्हणून सांगितले की गुन्ह्याची आणि गुन्हेगाराची परिस्थिती न पाहता प्रत्येक खुनाला फाशी देणे ही अमानुष शिक्षा आहे आणि ती घटनेत बसत नाही. तिसरी तारीख २७ जून २०१८, म्हणजे पदावरून निवृत्त होण्याच्या आठवडाभर आधीची. नर्वेस खटल्यात बार्बाडोसमधील अनिवार्य फाशीही त्यांच्या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.

हे मतपरिवर्तन मानायचे, की न्यायाधीशाची खुर्ची बदलल्यामुळे त्याचे अधिकार बदलले एवढेच? माझा कल असा आहे की तिन्ही प्रसंगी बायरन कायद्याशी प्रामाणिक होते आणि पहिल्या अनुभवाशिवाय दुसरा निकाल इतक्या ठामपणे आला नसता. पण हे माझे अनुमान आहे. जाणकारांनी लिहावे.

चाफा

उत्तम विषय. वाचनखूण साठवली आहे.

रानवारा

विषय चांगला आहे, पण मांडणीत पहिल्या खटल्याचे स्वरूप फार सौम्य झाले आहे असे नम्रपणे नोंदवतो. ज्या न्यायालयात हा खटला चालला, त्याची स्थापनाच १९७९ च्या क्रांतीनंतर बिशप यांच्या सरकारने वटहुकमासारख्या कायद्याने केली होती. त्या सरकारने ग्रेनेडाला बेटांच्या सामायिक न्यायव्यवस्थेतून बाहेर काढले आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे ब्रिटिश वसाहतींच्या जुन्या अंतिम अपील न्यायालयाकडे, जाणारे अपीलही बंद केले. म्हणजे क्रांती कोसळली तरी क्रांतीचे न्यायालय मात्र राहिले, आणि तेही ‘आवश्यकतेच्या तत्त्वा’वर, म्हणजे दुसरी सोय नसल्याने काम चालू राहावे म्हणून, वैध मानले गेले. आरोपींनी या न्यायालयाचा अधिकारच नाकारला, आपल्या वकिलांना माघार घ्यायला सांगितले आणि खटल्याचा बराच भाग त्यांच्या वतीने कोणी उभे नसताना पार पडला. ज्युरीच्या निवडीबद्दलही पुढे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने गंभीर आक्षेप घेतले. अशा खटल्याच्या शेवटी चौदा फाशी सुनावणारे न्यायाधीश पंधरा वर्षांनी मानवी हक्कांची भाषा बोलू लागले, तर ते परिवर्तन स्वागतार्ह आहेच. पण तिन्ही प्रसंगांत एकच सूत्र होते असे म्हणण्याआधी थांबायला हवे.

सागरवेळा

माझे वैद्यकीय शिक्षण ग्रेनेडातील सेंट जॉर्जेस विद्यापीठात झाले, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. किल्ला बंदराच्या अगदी तोंडावर आहे. आत पोलिसांचे मुख्यालय होते आणि तरीही वरच्या अंगणापर्यंत कोणालाही जाता येत असे. त्या अंगणाच्या भिंतीवर मारल्या गेलेल्यांच्या नावांची पाटी आहे. बिशप यांच्याबरोबर शिक्षणमंत्री जॅकलीन क्रेफ्ट यांचेही नाव तिथे वाचायला मिळते. तिथून मान वळवली की रिचमंड हिलच्या टेकडीवरचा तुरुंग दिसतो. खटल्यासाठी त्याच टेकडीवर खास न्यायालय उभारले होते आणि शिक्षा झालेले कैदी नंतरची दोन दशके तिथेच राहिले.

मी ज्या घरात भाड्याने राहत होते त्या घरच्या आजी दर वर्षी १९ ऑक्टोबरला चर्चमध्ये जात. बिशप यांचा मृतदेह आजवर सापडलेला नाही, हे दुःख आजींना, मारेकऱ्यांना फाशी झाली की जन्मठेप यापेक्षा फार मोठे वाटत असे. रानवारा यांचे आक्षेप मला मान्य आहेत, पण त्या बेटावर माणसे एकमेकांची नातलग असतात. मारणाऱ्यांचे आणि मेलेल्यांचे नातेवाईक एकाच बाजारात भाजी घेतात. अशा जागी तो खटला चालवायला बाहेरच्या बेटावरचा न्यायाधीश यावा लागला, यात मला तरी गैर दिसले नाही.

वऱ्हाडी आप्पा

मी सत्र न्यायाधीश म्हणून निवृत्त झालो आहे, त्यामुळे धागाकर्त्यांच्या प्रश्नाकडे थोडे कामकाजाच्या बाजूने पाहतो.

आपल्याकडे आरोपी दोषी ठरला की लगेच शिक्षा सुनावता येत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) प्रमाणे शिक्षेच्या प्रश्नावर त्याचे म्हणणे ऐकावे लागे आणि कलम ३५४(३) प्रमाणे फाशी द्यायची असेल तर विशेष कारणे लिहावी लागत. नव्या संहितेतही ही व्यवस्था कायम आहे. आरोपीचे वय, घरची परिस्थिती, गुन्ह्याआधीचे आयुष्य, सुधारण्याची शक्यता हे सारे त्या सुनावणीत समोर येते. कटघऱ्यातला माणूस आरोपी म्हणून नव्हे, तर माणूस म्हणून न्यायाधीशाला प्रथम तिथे दिसतो. शिवाय सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही.

आता १९८६ च्या ग्रेनेडाचा विचार करा. ज्युरीने ‘खुनाचा दोषी’ म्हटले की न्यायाधीशापुढे विचारण्यासारखे काहीच उरत नाही. चौदा आरोपींमध्ये कोणी राजकीय निर्णय घेणारे होते, कोणी हुकूम पाळणारे सैनिक होते. त्यांच्या दोषात फरक असला तरी शिक्षेत तो उतरवण्याची सोय नव्हती. बायरन यांनी २००१ मध्ये जे मागितले ते फाशीचे उच्चाटन नव्हतेच. शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी व्हावी आणि न्यायाधीशाला निवड करता यावी, एवढेच त्यांनी मागितले. ज्याने अशी सुनावणी न घेता एकाच दिवशी चौदा वेळा तेच वाक्य उच्चारले आहे, त्याला तिची गरज कोणी पटवून द्यावी लागत नाही. म्हणून मी कृष्णाकाठ यांच्या अनुमानाच्या बाजूने आहे.

शाल्मली

आप्पांच्या प्रतिसादाला जोडून एक दुवा सांगते, जो मराठी वाचकांना जवळचा वाटेल. २००१ च्या निकालानंतर हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला आणि मार्च २००२ मध्ये बेलीझचा रेयेस, सेंट लुशियाचा ह्यूजेस आणि सेंट किट्सचा फॉक्स अशा तीन प्रकरणांत लॉर्ड बिंगहॅम यांनी अनिवार्य फाशी घटनाबाह्य असल्यावर शिक्कामोर्तब केले. रेयेसच्या निकालपत्रात जगभरच्या न्यायालयांचे जे दाखले आहेत, त्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे बच्चन सिंग आणि मिठू हे दोन निकाल आहेत. मिठू विरुद्ध पंजाब राज्य हा १९८३ चा निकाल. जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने खून केल्यास त्याला फाशीच दिली पाहिजे, असे सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ त्यात रद्द झाले. मुख्य निकालपत्र लिहिले होते सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी, म्हणजे पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या न्यायाधीशाने.

त्यामुळे कॅरिबियन न्यायाधीशाची कारकीर्द हा विषय आपल्यापासून फार दूर आहे असे मला वाटत नाही. एकाच इंग्रजी वसाहतीच्या कायद्यातून निघालेले प्रश्न दोन्हीकडे होते, आणि एकीकडचे उत्तर दुसरीकडे उपयोगी पडले.

रानवारा

शाल्मली, माहितीबद्दल मनःपूर्वक आभार. पण चंद्रचूड यांचे नाव निघाले आहे, तर त्यांच्याही कारकिर्दीची दुसरी बाजू पाहावी लागेल. १९७६ च्या एडीएम जबलपूर प्रकरणात आणीबाणीतल्या स्थानबद्धांना बंदिप्रत्यक्षीकरणाचा (अटक वैध आहे का हे न्यायालयाने तपासावे यासाठीचा) अर्ज करता येणार नाही असे म्हणणाऱ्या बहुमतात ते होते, आणि त्या खंडपीठात एकट्या खन्नांनी विरोधी मत दिले. तेच चंद्रचूड १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्समध्ये मूलभूत हक्कांच्या बाजूने उभे राहिले आणि १९८३ मध्ये मिठूचा निकाल त्यांनीच लिहिला. बायरन यांच्याबाबत माझी जी अस्वस्थता आहे ती नेमकी हीच आहे. नंतरच्या उज्ज्वल निकालांनी आधीच्या काळात तुरुंगात असलेल्या माणसांचे दिवस परत येत नाहीत.

वऱ्हाडी आप्पा

रानवारा, दोन्ही उदाहरणे एका तराजूत घालता येणार नाहीत. एडीएम जबलपूरमध्ये पाच न्यायाधीशांपुढे दोन मार्ग खुले होते आणि खन्ना यांनी दुसरा मार्ग निवडूनही दाखवला. १९८६ च्या ग्रेनेडात खटला चालवणाऱ्या न्यायाधीशापुढे, ज्युरीच्या निर्णयानंतर, दुसरी शिक्षा देण्याचा मार्ग नव्हता. खटल्याच्या चालवणुकीवर तुम्ही जे आक्षेप घेतले आहेत ते वेगळे, आणि त्यांवर मी तुमच्याशी बराचसा सहमत आहे.

दीपमाळ

एक शंका आहे. ग्रेनेडाच्या त्या चौदा जणांचे पुढे काय झाले? त्यांना फाशी झाली का?

कृष्णाकाठ

दीपमाळ, नाही. १९९१ मध्ये अपील फेटाळले गेले आणि वधस्तंभ तयार होत असल्याच्या बातम्या आल्या. जगभरातून विनंत्या झाल्या आणि ऑगस्टमध्ये सरकारने शिक्षा जन्मठेपेत बदलली. खरा कलाटणीचा क्षण मात्र ७ फेब्रुवारी २००७ चा. प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की १९८६ ची फाशी अनिवार्य होती म्हणून मुळातच अवैध होती, आणि शिक्षेवर नव्याने सुनावणी घेण्याचा आदेश दिला. या निष्कर्षाचा पाया रेयेस आणि ह्यूजेस हे २००२ चे निकाल होते, आणि ह्यूजेसचा निकाल म्हणजे बायरन यांच्याच २००१ च्या निकालावर झालेले शिक्कामोर्तब. बायरन यांनी स्वतः सुनावलेली शिक्षा बायरन यांनीच सुरू केलेल्या विचाराने रद्द झाली. नव्या सुनावणीनंतर काही कैदी लगेच सुटले आणि बिशप यांचे एकेकाळचे उपपंतप्रधान बर्नार्ड कोर्ड यांच्यासह शेवटचे कैदी सप्टेंबर २००९ मध्ये बाहेर आले.

सागरवेळा

ते सुटले तेव्हा माझ्या वर्गातल्या ग्रेनेडियन मैत्रिणीच्या घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलले नव्हते. तिचे वडील सुटकेच्या बाजूचे होते आणि आत्या विरोधात. कायद्याने हा प्रश्न २००७ मध्ये सोडवला, पण त्या घरात तो तसाच राहिला, हेही इथे नोंदवून ठेवते.

समुद्रापार

मी त्रिनिदादच्या पॉइंट लिसास औद्योगिक वसाहतीत काही वर्षे नोकरी केली आहे आणि कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिस ज्या शहरात आहे त्या पोर्ट ऑफ स्पेनला वरचेवर जाणे होई. या न्यायालयाबद्दल थोडे लिहितो, कारण बायरन यांच्या कारकिर्दीचा कळस तिथे आहे.

बेटे स्वतंत्र झाली तरी बहुतेकांचे अंतिम अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच राहिले. ही साखळी तोडण्यासाठी २००१ मध्ये करार होऊन एप्रिल २००५ मध्ये हे न्यायालय सुरू झाले. सरकारांनी पगार अडवून न्यायाधीशांना वाकवू नये म्हणून १० कोटी अमेरिकी डॉलरचा विश्वस्त निधी आधीच बाजूला काढून ठेवला गेला आणि न्यायाधीश निवडण्याचे काम राजकारण्यांकडे न ठेवता स्वतंत्र आयोगाकडे दिले. ही रचना मला अतिशय विचारपूर्वक केलेली वाटते. वेस्ट इंडीजचा क्रिकेट संघ जसा अनेक देशांचा मिळून एक असतो, तसेच हे न्यायालय अनेक सार्वभौम देशांचे मिळून एक आहे.

बायरन अध्यक्ष असताना मायरी खटला आला. २०११ च्या मार्चमध्ये जमैकाची एक तरुणी बार्बाडोसच्या विमानतळावर उतरली. तिची अपमानास्पद अंगझडती झाली आणि दुसऱ्या दिवशी तिला परत पाठवण्यात आले. तिने थेट या न्यायालयात बार्बाडोस सरकारवर दावा लावला. साक्षी घेण्यासाठी न्यायाधीश जमैकाला आणि बार्बाडोसला गेले. ऑक्टोबर २०१३ मध्ये निकाल लागला की कॅरिकॉमच्या, म्हणजे कॅरिबियन देशांच्या संघटनेच्या, नागरिकाला सदस्यदेशात सहा महिन्यांपर्यंत राहण्याचा हक्क आहे आणि प्रवेश नाकारायचा असेल तर लेखी कारण देऊन वकिलाशी किंवा आपल्या देशाच्या वकिलातीशी बोलण्याची संधी दिली पाहिजे. तिला मानहानीपोटी ७५ हजार बार्बाडोस डॉलर मिळाले. माझ्याबरोबर काम करणारे गयानाचे आणि सेंट व्हिन्सेंटचे लोक या निकालाबद्दल फार अभिमानाने बोलत, कारण इमिग्रेशनच्या बाकड्यावर ताटकळत बसण्याचा अनुभव त्यांच्यातल्या पुष्कळांना होता.

दीपमाळ

प्रिव्ही कौन्सिल म्हटले की मला लोकमान्यांचे ताई महाराज प्रकरण आठवते. दत्तकविधानाचा तो वाद लंडनपर्यंत गेला आणि १९१५ मध्ये टिळकांच्या बाजूने निकाल लागला. भारताने १९४९ मध्येच ही अपिले बंद केली. कॅरिबियन देशांना इतकी वर्षे का लागावीत, हे मात्र कळत नाही.

समुद्रापार

दीपमाळ, सरकारांना हवे असूनही जनतेने नाकारले, हे त्याचे मोठे कारण. सेंट व्हिन्सेंटमध्ये २००९ ला, ग्रेनेडात २०१६ आणि २०१८ ला आणि अँटिग्वात २०१८ ला सार्वमत झाले आणि प्रत्येक वेळी बदल फेटाळला गेला. लोकांशी बोलताना जाणवे की त्यांना न्यायाधीशांच्या विद्वत्तेबद्दल शंका नव्हती. लहान बेटावर मंत्री, वकील आणि न्यायाधीश एकाच शाळेत शिकलेले असतात आणि लंडनचा न्यायाधीश कोणाचाच शेजारी नसतो, ही त्यांची भावना होती. बार्बाडोस, गयाना, बेलीझ, डॉमिनिका आणि २०२३ पासून सेंट लुशिया एवढ्याच देशांनी आपली अंतिम अपिले या न्यायालयाकडे सोपवली आहेत.

शाल्मली

ही भीती समजण्यासारखी आहे, पण इतिहास तिच्या बाजूने नाही. अनिवार्य फाशीविरुद्धचा पहिला स्पष्ट आवाज लंडनहून आला नाही. पूर्व कॅरिबियन अपील न्यायालयात बायरन आणि सेंट व्हिन्सेंटचे एड्रियन सॉंडर्स यांनी तो उठवला, तिसरे न्यायाधीश रेडहेड यांनी असहमती नोंदवली आणि लंडन नंतर त्यांच्या मागे आले. सॉंडर्स यांना त्या निकालाचे श्रेय बरोबरीने द्यायला हवे. बायरन यांच्यानंतर कॅरिबियन कोर्टाचे अध्यक्षही तेच झाले.

उलट २००४ मध्ये लंडनच्या नऊ न्यायाधीशांनी पाच विरुद्ध चार अशा मतांनी ठरवले की बार्बाडोस आणि त्रिनिदादमध्ये अनिवार्य फाशी चालू राहील, कारण त्या देशांच्या घटनांत वसाहतकाळातल्या कायद्यांना आव्हानापासून संरक्षण देणारे कलम आहे. २०१८ च्या नर्वेस निकालात बायरन यांनी या संरक्षक कलमावरच बोट ठेवले. स्वातंत्र्य मिळतेवेळीच्या आदेशानुसार जुने कायदे घटनेशी जुळवून वाचणे हे न्यायालयांचे कर्तव्य होते, त्यामुळे परक्या सत्तेचे कायदे स्वतंत्र देशाच्या नागरिकांच्या हक्कांवर कायमचे बसून राहू शकत नाहीत, असा त्या निकालाचा गाभा आहे. माझ्या मते २००१ पेक्षा हा निकाल अधिक खोल आहे.

वऱ्हाडी आप्पा

अरुशाचा (रवांडा न्यायाधिकरण टांझानियातल्या ज्या शहरात होते तिथला) काळ सगळेच वगळून जात आहेत, म्हणून चार ओळी लिहितो. रवांडाच्या न्यायाधिकरणात नरसंहारासारख्या गुन्ह्यालाही जास्तीत जास्त शिक्षा जन्मठेप होती. १९९४ मध्ये सुरक्षा परिषदेत रवांडाने या न्यायाधिकरणाच्या विरोधात मत दिले, त्यामागे फाशीची तरतूद नसणे हेही एक कारण होते. पुढे न्यायाधिकरणाकडचे काही खटले आपल्या न्यायालयांकडे यावेत म्हणून रवांडाने २००७ मध्ये स्वतःच फाशी रद्द केली. त्याच वर्षी बायरन न्यायाधिकरणाचे अध्यक्ष झाले होते आणि खटला रवांडाकडे सोपवण्याचा पहिला निर्णय २०११ मध्ये झाला.

तिथे ते केवळ प्रशासक नव्हते. सत्ताधारी पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांवरील करेमेरा खटल्याचे पीठासीन न्यायाधीश तेच होते. खटला २००५ मध्ये नव्याने सुरू झाला, तीन आरोपींपैकी एकाचा २०१० मध्ये मृत्यू झाला आणि उरलेल्या दोघांना डिसेंबर २०११ मध्ये जन्मठेप झाली. तोवर बायरन पोर्ट ऑफ स्पेनमध्ये अध्यक्षपदावर रुजू झाले होते, पण हाती घेतलेला खटला त्यांनी अर्धवट सोडला नाही. खटला चालवणारा न्यायाधीश मध्येच गेला तर साक्षीदारांचे काय हाल होतात हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून मला या गोष्टीचे मोल फार वाटते. आणि ज्या माणसाने हजारो बळींच्या कहाण्या ऐकूनही फाशीविना न्याय करता येतो हे सहा-सात वर्षे अनुभवले, त्याने नर्वेसचा निकाल लिहिला, हेही कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाचा विचार करताना लक्षात घ्यावे.

रानवारा

आप्पा, अरुशाचा मुद्दा माझ्या विचारात नव्हता आणि तो मला वजनदार वाटतो. १९८६ च्या खटल्याविषयीचे माझे आक्षेप कायम ठेवून एवढे मान्य करतो की २००१ ते २०१८ या काळातली दिशा एकच आहे आणि ती योगायोगाने आलेली नाही.

कृष्णाकाठ

मला तुमचा आक्षेप आणि आप्पांचे उत्तर दोन्ही हवे होते. समुद्रापार, एक विचारायचे राहिले. कॅरिबियन कोर्ट पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आहे, मग नर्वेसनंतर त्रिनिदादमधली अनिवार्य फाशी गेली का?

समुद्रापार

नाही. न्यायालयाची इमारत त्रिनिदादमध्ये असली तरी त्रिनिदादची अंतिम अपिले अजून लंडनलाच जातात. २०२२ मध्ये चँडलर प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने संरक्षक कलमाचाच आधार घेऊन तिथली अनिवार्य फाशी पुन्हा वैध ठरवली आणि बदल करायचा असेल तर तो संसदेने करावा असे सांगितले. १९९९ नंतर तिथे कोणालाही फाशी दिलेली नाही, पण खुनाचा दोषी ठरलेल्या प्रत्येकाला ती सुनावणे न्यायाधीशाला आजही भाग आहे.